कोर्टाबाहेरचा दंगा: टेनिस पंच, आयोजक आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरचा प्रेक्षक खेळ बघायला शिकला तो खासबागेच्या कुस्ती मैदानात आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. कुस्ती रंगात आली की हलगी कडाडणार, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की घसा बसेपर्यंत ओरडायचं, हाच तिथला शिष्टाचार. गप्प बसलेला माणूस तिथं रुसलेला वाटतो. तोच माणूस भाचीची टेनिस मॅच बघायला येतो, पहिल्याच चांगल्या फटक्याला ‘वाह रे वाघिणी!’ म्हणतो आणि दहा माना त्याच्याकडे वळतात. तो गुंड नाही. दुसऱ्या खेळाची रीत घेऊन तो इथं आलाय, एवढंच. खरा त्रास देणारा माणूस वेगळा असतो आणि त्याच्यावरचा इलाजही वेगळा. पंचाला या दोघांतला फरक पहिल्या दोन गेममध्ये ओळखता आला पाहिजे.

खालचे प्रश्न जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांत काम करणाऱ्या पंचांचे, क्लबच्या आयोजकांचे आणि काही पालकांचे आहेत. मोठ्या स्पर्धांतले दाखले आपल्याला उपयोगी पडतात तिथंच घेतले आहेत.

प्रेक्षकावर पंचाचा अधिकार नेमका किती?

बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. वॉर्निंग, पॉइंट, गेम आणि शेवटी डीफॉल्ट (मॅचमधून बाद) ही शिक्षेची शिडी खेळाडूसाठी आहे. प्रेक्षकाने आचारसंहितेवर सही केलेली नसते, त्यामुळे चेअर अंपायर, म्हणजे खुर्चीवर बसलेला पंच, त्याला ‘वॉर्निंग’ देऊ शकत नाही. तसं माइकवर म्हटलं तर गॅलरीत हशा पिकतो आणि उरलेली मॅच अंपायरला जड जाते.

अंपायरच्या हातात तीन गोष्टी असतात: आवाज, वेळ आणि रेफरी, म्हणजे सगळ्या स्पर्धेचा मुख्य अधिकारी. विनंती करायची, शांतता होईपर्यंत खेळ थांबवायचा आणि तरी जमलं नाही तर रेफरीला बोलवायचं. माणसाला बाहेर काढायचा निर्णय रेफरी घेतो, प्रत्यक्ष बाहेर नेण्याचं काम आयोजकांची किंवा सुरक्षेची माणसं करतात. अंपायरने खुर्चीवरून उतरून कोणाच्या दंडाला धरायचं नसतं. हा क्रम मोडला की अंपायरच भांडणातला एक पक्ष होतो, आणि त्यानंतर त्याने दिलेला प्रत्येक लाइन कॉल (चेंडू आत की बाहेर) लोकांना सूड वाटतो.

बाप ओरडतोय, मग मुलाला पॉइंट पेनल्टी देता येते का?

नुसत्या ओरडण्यासाठी नाही. हा मोह फार होतो, कारण बाप हाताबाहेर असतो आणि मुलगा हाताशी. पण बारा वर्षांच्या पोराला बापाच्या तोंडाची शिक्षा देणं नियमात बसत नाही आणि न्यायातही बसत नाही.

याला दोन अपवाद आहेत. पहिला कोचिंगचा. बाहेरून ‘बॅकहँडला टाक’, ‘नेटवर ये’ असं सांगणं हा आरडाओरडा नाही, तो सल्ला आहे, आणि जिथं सल्ल्याला बंदी आहे तिथं त्याची किंमत खेळाडूच मोजतो. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमावलीत कोर्टाबाहेरून कोचिंगला जागा ठेवली आहे, पण ती आपल्या स्पर्धेत लागू करायची की नाही हे त्या स्पर्धेची संस्था ठरवते. म्हणून सकाळी ड्रॉ लावायच्या आधी फॅक्टशीट (स्पर्धेचं माहितीपत्रक) वाचा आणि पालकांना स्पष्ट सांगा. ‘पुण्यात चालतं की’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच आहे.

दुसरा अपवाद ज्युनिअर स्पर्धांच्या आचारसंहितेचा. पालक आणि प्रशिक्षकांच्या वागण्याचं वेगळं कलम तिथं असू शकतं. असेल तर त्यातली शिक्षा त्या कलमाप्रमाणेच आणि रेफरीमार्फतच द्यायची, अंपायरने मनाने नाही.

पहिल्यांदा टोकायचं कधी, आणि कसं?

लवकर आणि हळू. बहुतेक पंच उलटं करतात. चार गेम सहन करतात आणि पाचव्याला स्फोट होतो. तोपर्यंत ओरडणाऱ्याला वाटत असतं की आपलं चाललंय ते चालतं.

माइक हातात असला तर सगळ्यांत उपयोगी हत्यार म्हणजे स्कोअर उशिरा सांगणं. गोंगाट आहे तोवर स्कोअर उच्चारायचाच नाही. प्रेक्षकांकडे शांतपणे बघत बसायचं. तीन-चार सेकंदांत पुढच्या रांगेतले लोकच मागच्यांना गप्प करतात. सर्व्हिस करायला मिळणारी सर्व्हरची पंचवीस सेकंदं गोंगाटात जळणार नाहीत याची काळजीही त्यामुळे आपोआप घेतली जाते.

मग शब्द. पहिली विनंती सगळ्यांना उद्देशून करा, एकट्याचं नाव घेऊन नको: ‘पॉइंट चालू असताना शांतता ठेवा, प्लीज. धन्यवाद.’ ‘धन्यवाद’ आधीच म्हणून टाकायचं, त्यामुळे ते झाल्यासारखं वाटतं. दुसरी विनंती थोडी नेमकी: ‘डाव्या बाजूच्या मंडळींना विनंती, सर्व्हिसच्या वेळी थांबा.’ माइक नसलेल्या बाजूच्या कोर्टावर नातं जोडून बोलणं आपल्याकडं जास्त चालतं. ‘काका, पॉइंट संपू दे, मग वाजवूया टाळ्या’ म्हटलं की काका हसून बसतात. ‘ओ मिस्टर’ म्हटलं की ते उठून उभे राहतात. बायकांच्या घोळक्याला ‘काकी’, ‘ताई’, आणि कॉलेजच्या पोरांना सरळ ‘भावांनो’. त्यात कमीपणा काही नाही.

विंबल्डनच्या अंपायरलाही हेच करावं लागतं. खेळाडू सर्व्हिस करायच्या बेतात असताना शॅम्पेनची बाटली उघडू नका, अशी विनंती तिथं माइकवरून झालेली आहे. आपल्याकडं शॅम्पेनच्या जागी कुरकुऱ्यांचं पाकीट धरा.

करायच्या नाहीत अशा गोष्टी: शुक-शुक करणं, बोट रोखणं, टोमणा मारणं. ‘हे फुटबॉल नाही’ हे वाक्य तर कोल्हापुरात अजिबात नको. त्यावर उत्तर येतं, आणि ते उत्तर लोकांना आवडतं.

प्रेक्षकामुळे अडथळा आला तर लेट कधी द्यायचा?

टेनिसच्या नियमावलीतल्या नियम सव्वीसचा गाभा असा: खेळाडूच्या हातात नसलेल्या गोष्टीने पॉइंट खेळताना अडथळा आला तर पॉइंट पुन्हा खेळायचा, यालाच लेट म्हणतात. आता प्रत्येक आवाज म्हणजे अडथळा का? नाही. दूरच्या टाळ्या, कुजबुज, बाळाचं रडणं हे मॅचच्या आसपास असतंच. ऐन फटक्याच्या क्षणी, अचानक आणि जवळून आलेली गोष्ट पाहिजे: कोर्टात पडलेली टोपी, आत घरंगळत आलेला दुसऱ्या कोर्टाचा चेंडू, धावत बेसलाइनमागे (कोर्टाच्या मागच्या रेघेपलीकडे) आलेलं पोर. अशा वेळी लगेच, मोठ्याने ‘लेट’ म्हणायचं. पॉइंट हरल्यावर खेळाडूला आठवलेला अडथळा मान्य करायचा नाही.

प्रेक्षकाला चेंडू लागला तर? इथं बरेच जण चुकतात. नियमांच्या भाषेत आपापल्या जागी बसलेले प्रेक्षक हे कोर्टाच्या कायम वस्तूंमध्ये मोडतात. म्हणजे कोर्टाभोवतीची जाळी, खुर्च्या आणि तुमचे आजोबा एकाच यादीत. चेंडू योग्य कोर्टात टप्पा पडून मग आजोबांना लागला तर मारणाऱ्याचा पॉइंट. टप्पा पडायच्या आधी लागला तर मारणाऱ्याने पॉइंट गमावला. लेट नाही.

पहिली आणि दुसरी सर्व्हिस यांच्यामध्ये व्यत्यय आला तर? बाहेरच्या कारणाने लय मोडण्याइतका वेळ गेला असेल तर सर्व्हरला पुन्हा पहिली सर्व्हिस द्यायची. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण २०२५ च्या यूएस ओपनचं. दोन सेट जिंकलेला फ्रान्सचा बेंजामिन बोन्झी तिसऱ्या सेटमध्ये मॅच पॉइंटवर होता. पहिली सर्व्हिस चुकली आणि तेवढ्यात एक छायाचित्रकार कोर्टात शिरला. अंपायर ग्रेग ऑलन्सवर्थ यांनी बोन्झीला पुन्हा पहिली सर्व्हिस दिली. समोरचा खेळाडू डॅनिल मेदवेदेव भडकला, प्रेक्षकांना हातवारे करून चेतवत राहिला आणि सहा मिनिटांहून जास्त खेळ थांबला. अंपायरचा निर्णय नियमाला धरून होता. बोन्झीने तो सेट गमावला, चौथाही गमावला, आणि पाचव्यात मॅच मारली.

आपल्यासाठी यातला धडा असा: लेटचा निर्णय बरोबर असला तरी तो एका वाक्यात, ऐकू जाईल असा समजावून सांगा. ‘बाहेरचा व्यत्यय, पहिली सर्व्हिस.’ बस.

गॅलरीतून कोणीतरी ‘आऊट!’ ओरडलं आणि खेळाडू थांबला. आता?

सहसा पॉइंट जसा झाला तसा उभा राहतो. खेळाडूने पंचाच्या किंवा लाइनवरच्या माणसाच्या आवाजावर थांबायचं असतं, प्रेक्षकाच्या नाही. तो आवाज पंचासारखा होता आणि खरोखर फसगत झाली असं अंपायरला स्वतःला वाटलं तर लेटचा विचार करता येतो, पण ती त्याची नजर. पॉइंटनंतर मात्र लगेच बोला: ‘कॉल आमचे आम्ही देऊ, तुम्ही बघा.’ एकदा सोडलं की पुढच्या गेमला तिघे ओरडतात.

कोर्टाबाहेरच्या रस्त्यावरून वरात चालली आहे, डॉल्बी दणाणतोय. काय करायचं?

हा प्रश्न नियमपुस्तिका लिहिणाऱ्यांना पडला नसेल, आपल्याला लग्नसराईत दर आठवड्याला पडतो. सतत चालू असलेला आवाज दोन्ही खेळाडूंना सारखाच असतो, त्यासाठी लेट नाही आणि खेळही थांबत नाही. अचानक फुटलेली फटाक्यांची माळ वेगळी. ऐन फटक्यात दचकायला झालं तर लेट.

डॉल्बी इतका की स्कोअर ऐकू येत नाही, अशी वेळ आली तर रेफरीने ठरवायचं: स्कोअर हाताने दाखवून खेळायचं, की मिरवणूक कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबायचं. थांबलात तर दोघांनाही कारण सांगा आणि पुन्हा सुरू करताना वॉर्म-अपबद्दल रेफरीला विचारा. वरातीतल्या माणसांशी भांडायला कोणाला पाठवू नका. आगमन-विसर्जनाच्या दिवसांत संध्याकाळच्या मॅच न लावणं हे त्याहून सोपं.

चेअर अंपायरच नसलेल्या मॅचमध्ये दंगा कोण आवरणार?

खरा प्रश्न हा. आपल्याकडच्या बारा, चौदा, सोळा वर्षांखालच्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्या बहुतेक खुर्चीवरच्या पंचाशिवाय होतात. नेटच्या आपल्या बाजूचे कॉल खेळाडू स्वतः देतो आणि एक कोर्ट सुपरवायझर तीन-चार कोर्टांवर फिरत असतो. तो दुसऱ्या टोकाला असताना इथं दोन्हीकडचे पालक जाळीला नाक लावून उभे असतात. पोरगं ‘आऊट’ म्हणायच्या आधी मागे वळून बघतं. बघितलं की समजायचं, कॉल आता बापाचा झाला.

म्हणून पहिलं काम मॅचच्या आधी करायचं. टॉस झाल्यावर सुपरवायझरने दोन्ही मुलांना पालकांसमोर सांगायचं: ‘कॉल तुमचा. शंका असली तर चेंडू आत पडला असं धरायचं. जाळीबाहेरच्या कोणालाही विचारायचं नाही. अडचण आली तर खेळ थांबवून मला हाक मारायची, मी येईपर्यंत पुढचा पॉइंट खेळायचा नाही.’ हे चार वाक्यांचं बोलणं पालकांसाठीच असतं, मुलं ते शंभरदा ऐकून बसलेली असतात.

दुसरं, पालकांची जागा. जाळीपासून दोन-तीन मीटर मागे दोरी किंवा खुर्च्यांची ओळ. खेळाडूच्या पाठीमागे कोणी उभं राहायचं नाही, बाजूला बसायचं. एवढ्यानेच निम्म्या खाणाखुणा बंद होतात, कारण बापाला आता पोराची नजर गाठायला मान मोडावी लागते.

तिसरं, तक्रार आली की सुपरवायझरने त्या कोर्टावर काही गेम उभं राहायचं. काही बोलायची गरज नसते. दोन पालकांच्या मध्ये, हात मागे बांधून. चाळीतल्या नळावर मुकादम येऊन उभा राहिला की भांडणारे आपोआप रांगेत येतात, तसंच इथं होतं. सगळ्या कोर्टांवर एकाच वेळी पेटलं तर रेफरीने स्वतः टेबल सोडून बाहेर यायचं. रेफरी चहाच्या टपरीजवळ सापडतो ही तक्रार दरवर्षी येते, आणि ती खोटी नसते.

मूल रडायला लागलं, हात थरथरतायत असं दिसलं तर? आधी ज्या प्रेक्षकामुळे हे झालं त्याला मागे घ्या, मग पॉइंटचं बघा. स्कोअर दोघांकडून शांतपणे पुन्हा विचारून घ्या. दोघांचं जुळेल त्या स्कोअरपासून सुरू करा.

पालक मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून ‘चेंडू आत होता’ म्हणतात. बघायचा का?

नाही. तिरक्या कोनातून, जाळीच्या भोकातून घेतलेल्या चित्रणावर लाइन कॉल फिरत नाही. एकाचा बघितला तर दुसराही आपला फोन काढतो. ‘व्हिडिओ तुमच्याजवळ ठेवा, निर्णय कोर्टावर झाला’ असं म्हणून विषय संपवा. स्वतःच्या मुलाचं चित्रण करायला बहुतेक आयोजक हरकत घेत नाहीत. समोरच्या मुलीच्या पालकांनी हरकत घेतली तर मात्र कॅमेरा बंद करायला सांगायचं. फ्लॅश कोणत्याही परिस्थितीत नाही.

खेळाडू म्हणतो, ‘त्या माणसाला बाहेर काढा.’ काढायचं का?

खेळाडूचं बोट म्हणजे पुरावा नाही, आणि दुर्लक्ष करण्याजोगी गोष्टही नाही. आधी विचारा: तो काय म्हणाला, कधी, कितव्यांदा? मग शेजारी बसलेल्यांकडे बघा.

२०२३ च्या यूएस ओपनमध्ये जर्मनीचा अलेक्झांडर झ्वेरेव चौथ्या सेटमध्ये थांबला आणि एका प्रेक्षकाने हिटलरच्या काळाशी जोडलेले शब्द उच्चारल्याचं त्याने अंपायर जेम्स किओथावोंग यांना सांगितलं. अंपायर खुर्चीतूनच गॅलरीकडे वळले आणि हे कोण म्हणालं, असं विचारलं. आजूबाजूच्या प्रेक्षकांनीच माणूस दाखवला, सुरक्षारक्षकांनी त्याला बाहेर नेलं, मॅच पुढे सुरू. बहुसंख्य प्रेक्षक पंचाच्या बाजूचे असतात, त्यांना विचारण्याची हिंमत पाहिजे.

उलट बाजूही बघा. २०२२ च्या विंबल्डन फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या निक किर्गिओसने एका प्रेक्षक महिलेकडे बोट दाखवून ती दारू पिऊन बोलत असल्याचा आरोप अंपायरकडे केला. तिला काही काळ बाहेर नेलं, नंतर परत येऊ दिलं. पुढं प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत गेलं आणि किर्गिओसला माफी मागावी लागली. जगभर दिसणाऱ्या सामन्यात हे झालं. आपल्या कोल्हापुरात तर दाखवलेला माणूस कोणाचा ना कोणाचा पाहुणा निघतोच, आणि संध्याकाळपर्यंत क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची बाजूही आलेली असते. खात्री केल्याशिवाय माणूस हलवू नका.

आणि खेळाडूच प्रेक्षकांशी भांडायला लागला तर?

मग मात्र आचारसंहिता पूर्ण लागू. शिवी, अश्लील हातवारे, गॅलरीत रागाने मारलेला चेंडू, सगळ्याला कोड व्हायोलेशन, म्हणजे आचारसंहितेच्या भंगाची शिक्षा. ‘त्याने आधी सुरुवात केली’ ही सबब शिक्षा पुसत नाही. वर सांगितलेल्या मॅचनंतर मेदवेदेवला प्रेक्षकांना चेतवल्याबद्दल आणि रॅकेट आपटल्याबद्दल मिळून ४२,५०० डॉलर दंड झाला. छायाचित्रकाराचा प्रवेश रद्द झाला तो वेगळा. दोघांचा हिशोब दोन ठिकाणी झाला, आणि तसाच व्हायला हवा.

व्यवहारात मात्र शिक्षा देण्याआधी खेळाडूला एक वाट द्या. ‘त्याचं मी बघतो, तू सर्व्हिस कर’ हे वाक्य वेळेवर आलं तर पुढचं टळतं. त्यानंतर खरोखर बघायचंही.

बाहेर काढायचं ठरलं. प्रत्यक्षात कसं?

बाजू बदलताना, नव्वद सेकंदांच्या विश्रांतीत. पॉइंटच्या मध्ये नाही. रेफरी आणि आयोजकांचा एक माणूस, असे दोघे जाणार. एकटा कधीच नाही, आणि सहाजणांचा घोळकाही नाही. वाकून, हळू आवाजात: ‘साहेब, जरा बाहेर येता का, बोलायचंय.’ चारचौघांत ‘चालते व्हा’ म्हटलं की माणूस इज्जतीवर येतो आणि मग तो जात नाही. बाहेर आल्यावर निर्णय सांगा, कारण सांगा, किती वेळासाठी ते सांगा: हा सेट, ही मॅच की आजचा दिवस. अंगाला हात लावायचा नाही. ऐकतच नाही असं झालं तर खेळ थांबवून ठेवा आणि ११२ ला फोन करा.

एक अडचण फक्त आपल्याकडची आहे: तो माणूस देणगीदार असतो, किंवा त्याच्या नावाचा फलक जाळीवर लावलेला असतो. तरीही तोच क्रम. फार तर निरोप सांगायला क्लबच्या अध्यक्षांना पाठवा, आवाज कमी होतो.

मुलींच्या मॅचला बाहेरची पोरं शेरेबाजी करतात. हा ‘दंगा’ समजायचा का?

नाही. हा सुरक्षेचा प्रश्न आहे, इथं विनंतीची पायरी नाही. ऐकलं की खेळ थांबवा, रेफरीला बोलवा. अल्पवयीन मुलीवर अश्लील शेरे मारणं, तिचा पाठलाग करणं, तसे फोटो काढणं २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. निर्भया पथकाचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर स्कोअरटेबलवर चिकटवलेला हवा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही. ‘जाऊ दे, स्पर्धेचं नाव खराब होईल’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक समितीत असतो, त्याचं ऐकू नका.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईत ब्रिटनची खेळाडू एमा राडुकानू हिने पहिल्याच सेटमध्ये पुढच्या काही रांगांत एक माणूस ओळखला. आदल्या दिवशी त्याने तिला गाठलं होतं. ती अंपायरकडे गेली आणि अंपायरच्या खुर्चीआड उभी राहिली. अंपायर मिरियम ब्लाय खाली उतरल्या, तिच्याशी बोलल्या, माणसाला बाहेर काढलं आणि मगच खेळ सुरू झाला. स्कोअर काय, घड्याळ काय, कशाचीही घाई नाही. खेळाडू घाबरलेली दिसली की हाच क्रम.

आणि हे अतिरेकी वाटत असेल तर हॅम्बुर्ग, ३० एप्रिल १९९३. बाजू बदलताना खुर्चीत बसलेल्या मोनिका सेलेसच्या पाठीत एका प्रेक्षकाने सुरी खुपसली. ती एकोणीस वर्षांची होती, जगात पहिल्या क्रमांकावर होती, आणि परत खेळायला तिला १९९५ चा ऑगस्ट उजाडला. मोठ्या स्पर्धांत बाजू बदलताना सुरक्षारक्षक कोर्टाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत उभे दिसतात. आपल्या स्वयंसेवकांनाही तेच सांगा. मॅच बघायला मिळावी म्हणून स्वयंसेवक झालेली मुलं कुरकुर करतील, करू देत.

दारू पिऊन आलेला प्रेक्षक?

दारातच थांबवायचा. आत आल्यावर काढणं दसपट कठीण. २०२४ मध्ये बेल्जियमचा खेळाडू डेव्हिड गॉफाँ याने एका प्रेक्षकाने आपल्या अंगावर च्युइंगम थुंकल्याचं सांगितलं, त्यानंतर फ्रेंच ओपनच्या संचालक अमेली मॉरेस्मो यांनी गॅलरीत दारूला बंदी घातली. पॅरिसला जमतं तर आपल्याला जमायला हरकत नाही. गुटखा-माव्याच्या पिचकाऱ्यांसाठी वेगळा प्रश्न कोणी विचारला नाही, पण उत्तर तेच.

डबल फॉल्टवर (सर्व्हरच्या दोन्ही सर्व्हिस चुकल्यावर) टाळ्या वाजवणं चुकीचं आहे का?

वाईट दिसतं, नियमभंग नाही. ‘दोन्ही खेळाडूंना मान द्या’ एवढं एकदा म्हणा आणि सोडा. पॉइंट संपल्यावरचा जल्लोष रोखायला जाऊ नका. तो रोखलात तर कोल्हापुरात टेनिस बघायला कोणी येणार नाही.

पॉइंट चालू असताना लोक ये-जा करतात.

बेसलाइनमागून जाणाऱ्यांना थांबवा, बाजूच्यांना सोडा. २०२४ पासून ऑस्ट्रेलियन ओपनने प्रत्येक गेमनंतर प्रेक्षकांना आत सोडायला सुरुवात केली. खेळाडूंनी कुरबुर केली, पण चाललं. आपल्याकडं दारावर एक हुशार पोरगा उभा केला की काम होतं.

घडलेल्या प्रकाराची नोंद कशी ठेवायची?

त्याच दिवशी, रेफरीच्या वहीत. वेळ, कोर्ट, स्कोअर, कोणाची सर्व्हिस होती, प्रेक्षक नेमकं काय म्हणाला ते त्याच शब्दांत, शिवी असली तर शिवीसकट. ‘गैरवर्तन केले’ असं लिहिलं तर पुढच्या चौकशीत त्याचा उपयोग शून्य. किती वेळा विनंती केली, कोणी केली, रेफरी कितीला आला, खेळ किती वेळ थांबला. प्रत्यक्ष ऐकणाऱ्या दोघांच्या सह्या, त्यातला एक तरी दोन्ही खेळाडूंच्या घरचा नसलेला. आपलं मत वेगळ्या ओळीत, ‘माझे मत’ असं लिहून. संघटनेकडे पाठवायची प्रत वेगळी काढा, आणि वही स्पर्धा संपल्यावर क्लबच्या कपाटात न टाकता पुढच्या स्पर्धेच्या रेफरीच्या हातात द्या.